जवसाच्या तेलाचा डाग

समितीच्या अहवालात त्या दाराचे वर्णन ‘मलिन’ या एका शब्दात आटोपले होते, आणि त्या शब्दाला आधार म्हणून तळटीपेत मस्तुरा रहिमोवाच्याच ग्रंथाचा हवाला होता. मस्तुराने तळटीप वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. बुखाऱ्याच्या जुन्या दारांवर तिने उभा जन्म घालवला होता, आणि आपल्याच वाक्याने आपल्यावर धावून यावे हा अनुभव तिला या वयात नवा होता.

ग्रंथात तिने लिहिले होते, की हौदाजवळच्या लहान मशिदीच्या दारावर छातीच्या उंचीला जो काळा, तुकतुकीत पट्टा दिसतो, तो जवसाचे तेल, मीठ, घाम आणि काजळी यांचा थर आहे. आणि नेमक्या तेवढ्याच भागात तुतीच्या लाकडाला ना चीर गेली आहे, ना कीड लागली आहे. समितीने वाक्याचा पूर्वार्ध उचलला होता. उत्तरार्ध पान उलटल्यावर येत असल्याने वाचायचा राहिला असावा. दरबारी इतिहासकार सोयीचे तेवढेच उचलीत हे तिला ठाऊक होते. पण त्यांना निदान पान उलटण्याचे कष्ट घ्यावे लागत.

शरदात राजधानीतून आणि परदेशातून पाहुणे येणार होते. बाजाराच्या घुमटापासून हौदापर्यंतच्या गल्लीतले प्रत्येक जुने दार यंत्राने घासून त्यावर एकसारखे अक्रोडी वॉर्निश चढवायचे ठरले होते. म्हणजे पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या हातांनी कोरलेली दारे एकाच कारखान्यातून, एकाच दुपारी बाहेर पडल्यासारखी दिसणार होती. याला अहवालात ‘जतन’ म्हटले होते.

मस्तुरा समितीच्या कचेरीत गेली. तिथला प्रमुख अझिमजोन सत्तोरोव एकेकाळी तिचा विद्यार्थी होता. शेवटच्या बाकावर बसून, नम्रतेच्या जोरावर पास झालेला. नम्रता अजून शाबूत होती. त्याने तिला खिडकीजवळची खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने चहा ओतला आणि शिक्षकांना म्हणतात तसे दोम्ला, दोम्ला करत सगळे ऐकून घेतले. तिने त्याला समजावले, की सकाळच्या दानाच्या पुलावानंतर माणसे उठतात, जाताना दारावर तळहात ठेवतात आणि तो चेहऱ्यावरून फिरवतात. आपला पुलाव जवसाच्या तेलात शिजतो. ते तेल लाकडात मुरते, वाळते, कडक होते. याहून चांगले रोगण कुणा कारखान्याला अजून साधलेले नाही. त्याने मान डोलावली आणि आपल्याला तिच्या भावना समजतात असे सांगितले.

मस्तुरा रसायनशास्त्राविषयी बोलत होती. भावनांविषयी ती त्या खोलीत एक अक्षरही बोलली नव्हती, आणि बोलणार नव्हती.

कारण भावनांची गोष्ट निराळी होती. तिच्या लहानपणी, सोव्हिएत अमलात, त्या मशिदीत मिठाचे गोदाम होते. दाराला कुलूप असे आणि समोर पहारेकरी. तिची आई तिला शाळेत सोडायला जाताना त्या दारापाशी चाल जराही मंदावू देत नसे. फक्त आईचा हात फळीला ओझरता लागे, आणि मग घाम पुसावा तसा कपाळावरून फिरे. भर हिवाळ्यात, बर्फ पडत असतानाही तिच्या आईला त्या वळणावर घाम येत असे. गल्लीतल्या सगळ्यांनाच येत असे. पट्ट्याचा सर्वांत गडद भाग त्या वर्षांचा होता. यंत्र त्याला मळ समजून दुपारच्या जेवणाआधी उडवून टाकणार होते.

काम उस्ता बरोत या कारागिराला मिळाले होते. तो माप घ्यायला आला तेव्हा मस्तुरा दारापाशीच उभी होती. तिने त्याला पट्ट्यावर बोट फिरवायला लावले. त्याने फिरवले, हुंगले आणि माल अस्सल असल्याचे कबूल केले.

“मग घासणार?”

“ओपा, मला घास म्हटलं की मी घासतो,” उस्ता म्हणाला. “उद्या म्हणाले मिनार घास, तर मी फक्त शिडी कुठाय एवढंच विचारीन.”

“कधी येतोस?”

“गुरुवारी. उजाडता उजाडता.”

“न खाताच?”

“कुणी वाढलं तर मी कधी नाही म्हटलंय?” असे म्हणून त्याने फूटपट्टी बुटात खोचली.

मस्तुरा तिथून थेट मोहल्ल्याच्या वडीलधाऱ्यांकडे, हिकमत-बोबोंकडे गेली. गुरुवारी पहाटे, मशिदीच्या दारात, आपल्या आईच्या नावाने पुलाव घालायचा आहे, असे तिने सांगितले. मृताच्या नावाने पसरलेली जेवणाची चादर दुआ झाल्याखेरीज बुखाऱ्यात कुणी उचलत नाही. अमिरांच्या शिपायांनी उचलली नव्हती, गोदामाच्या पहारेकऱ्यांनी उचलली नव्हती. हिकमत-बोबो बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले.

“तुझी आई वसंतात गेली ना गं?”

“आठवण काय ऋतू बघून येते, बोबो?”

“नाही, नाही, मी आपलं विचारलं,” ते म्हणाले. “चादर लांब लागेल. दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत पुरली पाहिजे.”

गुरुवारी उजाडायच्या आत तांब्याच्या कढया चढल्या. तापलेल्या जवसाच्या तेलाचा कडवट वास गल्लीभर पसरला. दाराला पाठ लावून म्हातारे बसले, त्यांच्यापुढे शेजारी, शेजाऱ्यांपुढे दुकानदार. उस्ता बरोत यंत्र घेऊन आला, त्याला हाताला धरून बसवले गेले आणि यंत्र बाकाखाली सरकवले गेले. समोरच्या घराच्या उंबऱ्याआड बायका होत्या. मस्तुरा त्यांच्यात उभी राहून पाहत होती.

थोड्या वेळाने काम कुठवर आले ते बघायला अझिमजोन आला. त्याने कढई पाहिली, चादर पाहिली, समोर मस्तुराला पाहिले, आणि त्याला सगळे समजले. पण समजण्याचा उपयोग नव्हता. म्हातारे उठून उभे राहिले होते, जागा झाली होती, आणि मृताच्या नावाच्या अन्नाला उभ्या उभ्या नकार देणारा माणूस त्या शहरात मोठ्या हुद्द्यावरही फार दिवस सुखाने राहिला नसता. तो बसला. त्याच्यापुढे चमचा ठेवला होता. पण हिकमत-बोबोंनी आपल्या बोटांनी भात, गाजर आणि मांसाचा घास दाबून बांधला आणि मानाच्या पाहुण्याला भरवतात तसा त्याच्या तोंडात घातला. त्यानंतर चमचा धरणे उद्धटपणाचे झाले असते. तो हाताने जेवू लागला, आधी बोटांच्या टोकांनी, मग मनापासून.

दुआ झाली. सर्वांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. चादर गुंडाळली गेली. आता अडवायला काही उरले नव्हते, आणि उस्ता बरोत बाकाखाली वाकून यंत्राची तार सोडवू लागला.

अझिमजोन उठला. उस्ताला काम सुरू कर म्हणून सांगायला तो दाराकडे वळला, आणि वाट काढताना त्याचा उजवा हात, त्याला न विचारता, वर गेला. तळहात नेमका काळ्या पट्ट्यावर टेकला, क्षणभर थांबला, मग कपाळावर आला, हनुवटीपर्यंत उतरला. नम्रतेप्रमाणे हेही त्याला कुणी तरी फार लहानपणी शिकवले असले पाहिजे.

मस्तुरा तांब्या घेऊन पुढे आली. तिचा आवाज वर्गात हजेरी घेताना असे तसा होता.

“अझिमजोन, हातावर पाणी घालू? मळ लागला असेल.”

उस्ता बरोतला ठसका लागला. अझिमजोनने आपला तळवा पाहिला. तो तेलाने चमकत होता. मग त्याने दार पाहिले. पाण्यासाठी हात मात्र त्याने पुढे केला नाही.

“उस्ता,” शेवटी तो म्हणाला, “बाजाराकडच्या टोकाकडून सुरू करा. हे शेवटी घेऊ.”

“शेवटी म्हणजे, साहेब?”

“शेवटी म्हणजे शेवटी.”

त्या कचेरीत शेवटी घ्यायच्या कामांचे काय होते, हे उस्ताला ठाऊक होते. त्याने तार पुन्हा गुंडाळली.

कचेरीने तोडगा काढलाच. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी दारावर एक भव्य कापडी फलक टांगला गेला. त्यावर त्याच दाराचा फोटो होता, संगणकाने धुऊन अक्रोडी केलेला, आणि खाली ‘आमचा वारसा, आमचा अभिमान’ अशी अक्षरे. पाहुण्यांनी फलकाचे फोटो काढले आणि ते पुढे गेले. फलक काढण्याचा हुकूम कुणी दिला नव्हता, म्हणून तो राहिला.

पुढच्या गुरुवारी सकाळी मस्तुरा तिथून जात होती. कुणाच्या तरी घरचा पुलाव आटोपला होता आणि माणसे पांगत होती. प्रत्येकजण चालता चालता फलकाची कड उचले, हात आत घाली, आणि पुढे जाताना कपाळ पुसे. गर्दी ओसरल्यावर ती जवळ गेली. ‘अभिमान’ या शब्दाशेजारी, छातीच्या उंचीला, कापडाची कड काळवंडू लागली होती. मस्तुराने ती नाकाजवळ धरली. जवसच होते. मग तिने कड उचलली, हात आत घातला, आणि त्या थंड सकाळी आपल्या कपाळावरचा घाम पुसला.