दारावरची सात नावं

मधुकररावांना दान करताना कुणी अडवलं नव्हतं आणि दान करून गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कळमन्याच्या बाजारात त्यांची संत्र्याची अडत. घाटावरच्या बाकांच्या पाठीवर त्यांचं नाव इतकं ठळक, की प्रेताबरोबर आलेला माणूस आधी ते वाची आणि मग रडायला बसे.

यंदा त्यांनी कोकणातल्या एका सागरी वारसा उद्यानाला देणगी दिली. तिथल्या जुन्या बोटी गंजत चालल्या होत्या.

"आपला अन् समुद्राचा काय संबंध?" त्यांच्या बायकोनं, उत्तराबाईंनी, विचारलं.

"अवं, दुरून दुरून लोक येऊन राहिले तिथं. वाचतील ना!"

देणगीदाराच्या नावाच्या पाटीसाठी एका बोटीच्या इंजिनखोलीचं दार आहे, पण त्यावर रंगानं लिहिलेली काही जुनी नावं आहेत, असं व्यवस्थापकानं कळवलं. मधुकररावांनी उलट कळवलं, "घासून टाका."

मंगळवारी कामठीच्या सिंधूताई अडतीवर आल्या. साठी उलटलेली, हातात कापडी पिशवी.

"जयभीम, शेटजी. त्या दारावर माह्या नागसेनचं नाव आहे. उद्यानातून समजलं, तुमी पुसून राहिले म्हणून."

"कोण नागसेन?"

"पोरगा माहा. त्या बोटीवर इंजिनात होता. आग लागली, सात जण गेले. राखबी हाती आली नाही. कंपनी बंद पडली. एका दोस्तानं सातही नावं दारावर लिवली, आता तोबी नाही. दरसाल जाते, हात लावून येते."

"पण बाई, माझ्या देणगीनं बोट टिकणार आहे. नाहीतर ते दार भंगारातच गेलं असतं!"

"चांगलंच काम आहे. पण त्यात मेलेले पोरं पुसले, त वाचवलं काय तुमी? लोखंड? लोखंड त कामठीतबी मिळते. तुमचं नाव जिकडंतिकडं आहे शेटजी, त्याचं एकाच जागी आहे."

मधुकररावांनी फोन लावला.

"साहेब, काम कालच झालं!" व्यवस्थापक उत्साहानं म्हणाला. "फोटो पाठवतो."

फोटो आला. चकचकीत पितळी पाटी, भोवती घासून पांढरा पडलेला पत्रा. सिंधूताईंना तो दिसू नये म्हणून त्यांनी फोन उलटा ठेवला, पण ताईंनी पाहिला होता. त्या रडल्या नाहीत. पिशवीचे बंद नुसते आवळत राहिल्या.

"काढा ती पाटी!" मधुकरराव पुन्हा फोन लावून ओरडले. "देणगी राहू द्या तुमच्याकडे. नावं पुन्हा लिहा!"

"लिहितो, साहेब. पण कोणती? यादी आमच्याकडे नाही, जुना फोटोही नाही."

त्यांनी कागद ओढला. "सांगा, ताई."

सिंधूताईंनी डोळे मिटले. नागसेन पहिला. एकेक करत सहा झाली. मग त्या थांबल्या.

"सातवं पार खाली होतं. मी माह्याच पोराचं पाहत राहायची. ते कधी वाचलंच नाही, शेटजी."

आज त्या दारावर सहा नावं आहेत आणि खाली एक कोरी ओळ. पाटी नाही.

नागरिकहो, समुद्र आपल्या गावात नसला तरी आपलाच आहे. त्याच्या काठच्या जुन्या बोटींना देणगी द्या, अवश्य द्या! पण आपलं नाव लावण्याआधी तिथं कुणाचं आहे ते वाचून घ्या. तो सातवा माणूस एकदा आगीत गेला आणि एकदा आपल्या दानात. त्यालाही आई असेल. तिची माफी मागायला जावं, तर पत्ता कुणाच्या नावानं विचारायचा?