चहा काठाला लागला की

"यंदा पुस्तकातला प्रकल्प कुणी करायचा नाही," ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. "घरी जा. घरातल्या एका माणसाकडे आठवडाभर नीट बघा. त्याचं कुठं अडतं ते शोधा, आणि त्यावर काहीतरी बनवा."

शाळेच्या मागच्या इमारतीतली ही लॅब दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. पूर्वी तिथं मोडके बाक ठेवायचे. आता लांब टेबलं होती, थ्रीडी प्रिंटर होता, सोल्डरिंगची यंत्रं होती, आणि तारा, बझर, सेल यांनी भरलेले डबे होते. नववीतली सुमय्या इथं आली की घरी जायला निघायचीच नाही.

तिनं बघायला अम्मीला निवडलं. अब्बा लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानात काउंटरवर असायचे, ते जेवणाच्या वेळेलाच दिसायचे. अम्मी, म्हणजे नजमा, तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला जायची आणि दुपारी कुसगावला घरी परतायची. सुमय्या शाळेतून आली की दोघी बरोबर चहा प्यायच्या.

पहिले दोन दिवस काहीच सापडलं नाही. अम्मीचं कुठंच अडत नव्हतं. मिठाचा डबा, साखरेचा डबा, चिमटा, गाळणी, सगळं हात नेईल तिथं. मग तिसऱ्या दिवशी सुमय्याला दिसलं. चहा ओतताना अम्मी डाव्या हाताचं बोट कपाच्या आत, काठाला आकड्यासारखं अडकवून धरायची. चहा बोटाला लागला की पातेलं सरळ करायची. मग बोट पदराला पुसायची.

"अम्मी, बोट कशाला घालतीस?"

"सवय हाय. कप बरोबर भरतो."

"पोळत न्हाई?"

"आता न्हाई पोळत."

सुमय्यानं तिचा हात ओढून बघितला. बोटाचं टोक पांढुरकं, जाड झालं होतं, टाचेच्या कातडीसारखं. अम्मीनं हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "च्या निवतोय, पी."

त्यानंतर सुमय्याला एकेक गोष्ट दिसायला लागली. साखरेचा डबा कुणी इकडचा तिकडं केला की अम्मी चिडायची, ते उगाच नव्हतं. दारातून जाताना तिचा खांदा चौकटीला लागायचा. ऊन उतरलं की ती बाहेर पडायची नाही, गिरणीवाल्या सरुबाईंकडे दळण न्यायचं असलं तरी "उद्या" म्हणायची.

शनिवारी शाळा लवकर सुटली तशी ती अब्बांच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं होती. अब्बांनी, म्हणजे इनायतनं, तिला काउंटरच्या आत स्टुलावर बसवलं आणि शेंगदाण्याची चिक्की हातात दिली. तिनं ती तशीच धरून ठेवली.

"अब्बा, अम्मीला दिसत न्हाई का?"

इनायत पाकिटं रचत होता. त्याचे हात थांबले.

"कोन म्हनलं?"

"मीच बघितलं."

त्यानं एका गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, मग तिच्याजवळ येऊन हळू आवाजात सांगितलं. "काचबिंदू हाय. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलंय, गेलेली नजर परत येत न्हाई. उरलीय ती टिकवायची. थेंब घालतीया ती रोज. तुजी धावी होईस्तवर तुला सांगायचं न्हाई, असं आमचं ठरलं व्हतं. आन् सुमे, बंगल्यावर यातलं कुनालाच ठावं न्हाई. तितं कळता कामा नये."

"न्हाई सांगणार," सुमय्या म्हणाली.

अम्मीला तिनं काही विचारलं नाही. तिनं प्रकल्प सुरू केला. वर्गातली सृष्टी तिची जोडीदार होती. तिला सुमय्यानं इतकंच सांगितलं की कप काठापर्यंत भरला की वाजेल असं काहीतरी करायचंय. कल्पना साधी होती. कपाच्या काठावर दोन छोट्या स्टीलच्या काड्या आत लोंबतील अशा अडकवायच्या. चहा दोन्ही काड्यांना एकदम लागला की चहातूनच वीज पलीकडं जाते आणि बझर वाजतो.

साधी असली तरी ती जमेना. सुमय्याचा पहिला जोड हलवला की सुटायचा. मॅडमनी तिचा हात धरून दाखवलं. "शिसं नको तापवूस. तारा तापव. तारा तापल्या की शिसं आपोआप पळत येतं त्यांच्याकडे." तिनं वाया गेलेल्या तारांवर तो जोड इतक्यांदा केला की शेवटी तो चकचकीत, गोलसर बसायला लागला. मग अडचण आली ती काड्या कपाला अडकवायच्या आकड्याची. प्रिंटरवर छापलेला हिरवा आकडा दिसायला सुंदर होता, पण गरम चहाच्या वाफेनं तो मऊ पडला आणि त्यानं मान टाकली. सृष्टी हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी सुमय्यानं घरून कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आणला. तो कपाला घट्ट बसला. त्यालाच काड्या, सेल आणि बझर बांधला.

ती तो घरी घेऊन आली तेव्हा अम्मी ओट्यापाशी होती. सुमय्यानं चिमटा कपाला लावला. अम्मीनं हातानं चाचपून बघितला.

"काय हाय हे?"

"ओत तू. बोट नको घालू."

अम्मीनं चहा ओतला. कप भरत आला आणि बारीक, टोकदार आवाज झाला. अम्मी दचकली. पातेलं सरळ केलं. मग तिनं ते खाली ठेवलं.

"तुला म्हाईत हाय तर," ती म्हणाली.

"व्हय."

अम्मीनं तिला जवळ घेतलं नाही, ती रडलीही नाही. तिनं कप रिकामा केला, पुन्हा चिमटा लावला, आणि पुन्हा ओतला. तो वाजला तशी या खेपेला हसली. त्या दिवसापासून घरात ती चिमटाच वापरायला लागली. थोड्या दिवसांनी बोटाचं जाड कातडं कडेनं थोडं निघालं आणि खालून गुलाबी कातडी दिसायला लागली. बंगल्यावर मात्र ती चिमटा कधी नेत नसे. तिथं बोटच.

डिसेंबरात पुण्याला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. ज्योत्स्ना मॅडम दोघींना घेऊन गेल्या. टेबलावर कप, थर्मास आणि चिमटा मांडला होता. परीक्षक बाई आल्या, चिमटा उलटासुलटा करून बघितला, आणि म्हणाल्या, "हे तुला सुचलं कसं? कुणासाठी बनवलंस?"

सुमय्यानं उत्तर पाठ केलं होतं, की ज्यांना कमी दिसतं अशा कुणालाही उपयोगी पडेल. पण बाई खरंच ऐकत होत्या. कुणी मोठं माणूस आपल्याकडं इतकं लक्ष देऊन बघतंय, हे तिला नवीन होतं. आणि हे पुणं होतं, इथं कोण ओळखतंय?

"माझ्या अम्मीसाठी," ती म्हणाली. "ती स्वयंपाकाला जाते. तिला कपाचा काठ दिसत नाही. ती बोट घालून बघायची, तिचं बोट जळलं होतं."

परीक्षक बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम बाजूला उभ्या राहून मोबाइलवर सगळं टिपत होत्या. सुमय्या आणि सृष्टीचा पहिला नंबर आला. राज्याच्या प्रदर्शनासाठी निवड झाली. मॅडमनी तो व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकला. बंगल्यावर कळता कामा नये, हे त्यांना माहीतच नव्हतं. तिथून तो लोणावळाभर फिरला.

पुढच्या आठवड्यात सुमय्या शाळेतून आली तेव्हा अम्मी खाटेवर बसली होती. बाहेरची चप्पलसुद्धा पायातून काढली नव्हती. गॅसवर पातेलं नव्हतं.

"आज लवकर आलीस?"

"चैतालीताईंनी व्हिडिओ दाखवला," अम्मी म्हणाली. चैताली म्हणजे बंगल्याची मालकीण. "आधी लय कौतुक केलं तुजं. किती हुशार लेक हाय म्हनल्या. मला वाटलं तेवढंच. मग माजा हात हातात घेऊन बोट बघितलं. म्हनल्या, नजमाताई, गरम तेल असतं, गॅस असतो, घरात म्हातारे आबा, त्यांच्या गोळ्या तुम्हीच देता. उद्या काही झालं तर?"

"पण इतकी वर्षं काई झालं न्हाई!"

"मी पन तेच म्हनलं. गोळ्या मी हातानं वळखते, म्हनलं. त्यांस्नी आनखीनच भ्या वाटलं." अम्मीनं ओठ आवळले. "रडल्या त्या. आराम करा म्हनल्या. आबांना तर सांगितलंबी न्हाई. ते आतून आवाज देत व्हते, नजमा, च्या टाक म्हनून. मी तशीच निगाले."

सुमय्या तिच्या पायाशी बसली. "अम्मी, माझं चुकलं. मला वाटलं पुण्यात कुणाला कळणार न्हाई…"

"तुला कुनी सांगितलं व्हतं माज्याकडं बघायला?" अम्मी म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळं ते जास्त लागलं. "मी माजं निभावत व्हते न्हवं?"

संध्याकाळी इनायतला कळलं. तो त्या रात्री जेवला नाही.

ज्योत्स्ना मॅडम घरी येऊन गेल्या. माफी मागितली, चैतालीताईंशी बोलते म्हणाल्या. बोलल्याही. पण बंगल्यावर दुसरी बाई लागली होती. नजमानं आणखी दोन ठिकाणी इनायतकडून विचारणा केली. दोन्हीकडं तो व्हिडिओ आधीच पोचला होता. लोक चांगलंच बोलले, कुणी वाईट बोललं नाही. काम मात्र कुणी दिलं नाही.

नजमा घरातच राहायला लागली. सकाळी तयार व्हायची, केस विंचरायची, आणि मग बसून राहायची. चिमटा खिडकीत पडून होता. चहा आता सुमय्याच करायची, अम्मी ओट्याकडं फिरकायची नाही. सुमय्यानं लॅबला जायचं बंद केलं. राज्याच्या प्रदर्शनालाही ती जाणार नव्हती, पण सृष्टी रडायला लागली, तेव्हा गेली.

तिथं परीक्षक गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"कुणासाठी बनवलंस, बाळ?"

"कुणासाठी नाही," सुमय्या म्हणाली. "असंच. कुणालाही उपयोगी पडेल."

त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले. सृष्टीनं तिच्याकडं वळून बघितलं. नंबर आला नाही.

ती घरी पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. अम्मी दारातल्या पायरीवर उन्हात बसली होती.

"काय झालं?"

"न्हाई आला नंबर."

"का? चांगला तर वाजतो." अम्मी थोडी थांबली. "काय इचारलं त्यांनी?"

"कुणासाठी बनवलं म्हणाले. मी म्हणलं, कुणासाठी न्हाई."

गल्लीतून एक टेम्पो गेला, धूळ उडाली, ती अम्मीनं पदरानं झटकली.

"माजं नाव का न्हाई घेतलंस?"

"तूच म्हणालीस, माझ्याकडं कशाला बघितलंस."

"म्हनले व्हते. राग आलता मला." अम्मीनं तोंड दुसरीकडं वळवलं. "तुज्या अब्बानं पन कधी बघितलं न्हाई माजं बोट. कुनीच न्हाई. तू बघितलंस. आन् मी तुला तसं बोलले."

ती रडत होती. सुमय्यानं तिला रडताना याआधी पाहिलं नव्हतं. ती पायरीवर तिच्या शेजारी बसली. काचबिंदूचं नाव घरात आलं होतं, थेंबांची बाटली आता उघड्यावर असायची, पण एक गोष्ट अजून कुणी विचारली नव्हती.

"अम्मी, तुला आता किती दिसतं?"

नजमानं डोळे पुसले. तिनं मान वळवून लेकीकडं सरळ बघितलं, आणि नीट विचार करून सांगायला लागली.

"तुजे डोळे दिसतात. नाक दिसतं. कान न्हाई दिसत. हितं शेजारी बसलीस तर तू दिसतच न्हाईस, नुसती कळतीस."

"आणि मागं, दिवाळीत?"

"दिवाळीत कान दिसत व्हते."

सुमय्या उठली आणि अम्मीच्या समोर, खालच्या पायरीवर जाऊन बसली. अम्मी पुढं सांगत राहिली, आणि ती ऐकत राहिली.