एकशे चोपन्न दात

वन्संनी त्या स्पर्धेचा खर्च कधीच पैशांत सांगितला नाही. त्या तो दातांत सांगायच्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. दातांच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं काम करतात. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, त्यांवरून पोर्सेलीनच्या कॅप घडवायच्या, शेजारच्या दातांशी रंग जुळवायचा, भट्टीत भाजायच्या आणि पुन्हा घासायच्या. रोजच्या पाच कॅप पगारात धरलेल्या. सहावी केली तर तिचे वेगळे पैसे. वर्षभराहून जास्त काळ वन्सं आठवड्याला दोन-तीन जादा कॅप करत होत्या. फिगर स्केटिंगच्या मोठ्या स्पर्धेचं तीन दिवसांचं तिकीट शहाण्णव दात, रेल्वे अठरा, खोलीचा निम्मा वाटा एकतीस, खाणंपिणं नऊ. एकूण एकशे चोपन्न.

"एवढे दात तर आपल्या अख्ख्या खानदानाला नाहीत," माझा नवरा म्हणाला. "आणि कशासाठी? बर्फावर घसरणारी माणसं बघायला. आमच्या न्हाणीघरात ये, फुकट दाखवतो."

"तू घसरलास की कुणी गुण देत नाही, ते दुखणं आहे तुझं," वन्सं म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.

खोलीचा दुसरा निम्मा वाटा त्यांच्या एका फोनवरच्या मैत्रिणीचा होता. तिची मुलगी नेमकी त्याच आठवड्यात बाळंत होणार म्हणून ती गळाली. तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते, तेव्हा तिने ते निम्म्या किमतीत मला दिलं. नवऱ्याने जा म्हणून सांगितलं. ताईबरोबर कुणीतरी भानावर असलेलं हवं, असं त्याचं म्हणणं. मी वजनकाटे तपासणाऱ्या कार्यालयात आहे. भानावर असण्याचाच पगार मला मिळतो. वन्सं मला काटेवाली म्हणतात.

ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं, तिला वन्संनी टिटवी हे नाव दिलं होतं. लांब काटक पाय आणि लगबगीची चाल. अकरा वर्षांपूर्वी एका दवाखान्यात तातडीची कॅप पोचवायला गेल्या असताना तिथल्या टीव्हीवर त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तीनदा पडली आणि शेवटून पहिली आली. मी एकदा विचारलं, पडणाऱ्या मुलीत त्यांना काय दिसलं. वन्सं म्हणाल्या, पडण्यात काय दिसायचंय? पण सगळं संपल्यावर तिने चारही बाजूंना वाकून नीट अभिवादन केलं. घाईने उरकलं नाही, एकही बाजू गाळली नाही. काम बिघडल्यावरसुद्धा शेवटचा हात नीट फिरवणारं माणूस त्यांना त्यांच्या प्रयोगशाळेतही क्वचितच भेटलं होतं.

आता टिटवी अठ्ठावीस वर्षांची झाली होती आणि ही आपली शेवटची स्पर्धा असं तिने जाहीर केलं होतं.

आवडत्या खेळाडूचा नाच संपला की प्रेक्षक बर्फावर भेटी फेकतात, कापडी खेळणी किंवा कागदात गुंडाळलेली फुलं. छोट्या स्केटर मुली भराभर त्या गोळा करतात आणि नंतर त्या खेळाडूला मिळतात. वन्संनी अकरा वर्षांत टिटवीला काही दिलं नव्हतं, कारण तिच्या तीस मीटरच्या आत त्या कधी गेल्याच नव्हत्या. या वेळी त्यांनी एक कापडी टिटवी शिवली. तळहाताएवढी, करड्या लोकरीची, पिवळ्या दोऱ्याचे पाय आणि डोळ्यांजवळ लाल कापडाचा ठिपका. आणि डोळे त्यांनी प्रयोगशाळेच्या भट्टीत भाजून आणले. पोर्सेलीनचे, वरून तपकिरी चकाकी दिलेले. ती चकाकी जमेपर्यंत सात जोड्या वाया गेल्या. आठव्या जोडीकडे पाहिलं की ते पाखरू आपल्याला ओळखतं असं वाटायचं.

नियम त्यांना पाठ होता. भेट मऊ असावी, तिचा कुठलाही भाग सुटता कामा नये. म्हणून डोळे त्यांनी दातांत फिरवायच्या मेणाच्या दोऱ्याने, चौपदरी शिवले. तरी समाधान होईना, तेव्हा त्या पाखरू घेऊन माझ्याकडे आल्या. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्प्रिंगकाटा लावला आणि एकेक डोळा दोन किलोच्या ताणाखाली एक मिनिट धरला. दोरा हलला नाही. मी कागदावर तारीख घातली, "दोन्ही डोळे उत्तीर्ण" असं लिहिलं आणि सही केली. वन्संनी तो कागद घडी करून तिकिटाबरोबर ठेवला.

त्या मैदानाबद्दल माझी कल्पना पुस्तकी होती. गिरकी घेणाऱ्या स्केटरचं चित्र मी शाळेत पाहिलं होतं. हात पसरले की वेग कमी, हात छातीशी घेतले की वेग जास्त. त्याखाली समीकरण होतं आणि ते मला येत होतं. त्यात आवाज मात्र नव्हता. आमच्या जागा एका कोपऱ्याला, पाचव्या रांगेत होत्या. त्या वन्संनी मुद्दाम निवडल्या होत्या, कारण अवघड उडी घ्यायला मुली बहुतेक कोपऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पहिलीच मुलगी आमच्यासमोरून उलटी गेली आणि तिच्या पात्याखाली बर्फ फाटल्याचा आवाज आला, जाड कापड एका दमात टरकावं तसा. मग तो आवाज थांबला. ती हवेत होती. पुन्हा आवाज आला तेव्हा ती दुसऱ्याच दिशेला, एका पायावर निघून चालली होती. मी घड्याळ काढलं नव्हतं, पण हवेतला तो काळ अर्ध्या सेकंदाहून फारसा जास्त नसणार. तेवढ्यात तिने तीन फेऱ्या घेतल्या होत्या.

"हे समीकरणात बसतं?" वन्संनी विचारलं.

मी म्हटलं, बसतं. पण ते बसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

टिटवी त्या दिवशी सहावी आली. तिच्या उड्या बाकीच्यांपेक्षा बुटक्या होत्या, ते मलाही कळलं. पण दोन उड्यांच्या मधलं अंतर ती ज्या पद्धतीने कापत होती, त्याला दुसरं कुणी जवळपास नव्हतं. बाकीच्या मुली पुढच्या उडीकडे निघालेल्या दिसत. टिटवी कुठेच निघालेली नसे, जिथे असे तिथे पूर्ण असे. पहिल्या क्रमांकावर एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. तिला वन्सं शिष्ट म्हणत. दोन वर्षं या शिष्टेने टिटवीला मागे टाकलं होतं, आणि तिच्या नावाला टाळी न वाजवण्याचं वन्संचं व्रत होतं. तिचा नाच चालू असताना त्या हातमोजे नीट करत बसायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंतिम फेरी होती. शेवटच्या गटात सहा मुली, टिटवीची पाळी दुसरी, लगेच तिच्या मागून शिष्ट. सहाही जणी पाय मोकळे करायला बर्फावर उतरल्या तसं सगळं सभागृह उभं राहिलं. वन्संही उभ्या राहिल्या आणि मांडीवरची पिशवी घसरून सिमेंटच्या पायरीवर पडली.

वन्संनी पाखरू बाहेर काढलं. डोळे दोन्ही जागेवर होते. त्यांनी सवयीने डाव्या डोळ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि थांबल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून पाखरू अगदी नाकाजवळ धरलं.

"टवका उडालाय," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. डोळ्याच्या कडेला, तपकिरी चकाकी संपून आतलं पांढरं दिसत होतं. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं.

मी ताण तपासला होता. आघात तपासला नव्हता. फेकण्यासाठी बनवलेल्या वस्तूचा खेचून कस घेतला, आणि वर सही केली. पिशवी पायरीवर पडली ती फार तर अर्ध्या मीटरवरून. पाचव्या रांगेतून बर्फावर पडताना काय होईल ते मांडायला कागद लागणार नव्हता.

पहिल्या मुलीचा नाच सुरू झाला. आमच्या हातात सात मिनिटं होती. मी म्हटलं, डोळे काढून टाकू आणि तशीच फेकू. कात्री आत आणू देत नव्हते. वन्संनी दोरा दातांनी तोडायचा प्रयत्न केला, पण तो दातांनी तुटू नये म्हणूनच बनवलेला असतो. ओढाताणीत डोळ्याची आणखी एक कपची निघाली आणि लोकरीत कुठेतरी गडप झाली. वन्संनी बोटांनी लोकर चाचपली, फुंकर मारली, परत चाचपली. त्या पाखराच्या पोटात आता काय काय असेल ते सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, त्या लहान मुली सगळं उचलून घेतातच की.

"दिसलं तर उचलतील ना," वन्सं म्हणाल्या. "पांढऱ्यावर पांढरं. मला भिंगाखाली दिसत नाही कधीकधी."

मग त्यांनी मान वळवून दारापाशी उभ्या असलेल्या शिष्टेकडे पाहिलं. पांढरं जाकीट, केस घट्ट बांधलेले, डोळे मिटून ती हाताने हवेत आपल्या उड्या मोजत होती.

"टिटवीनंतर ही येणार. याच कोपऱ्यात उडी घेणार. हिच्या पायाखाली माझा दात?"

त्यांनी पाखरू हातरुमालात गुंडाळलं. रुमालाला गाठ मारली.

टिटवी आली. तिचा नाच चार मिनिटांचा होता आणि त्यातलं मला जे आठवतं ते सांगते. दुसऱ्या उडीला ती पडली. डाव्या बाजूवर, जोरात, आणि तिच्या कपड्यांना बर्फाचा भुगा चिकटला. ती उठली आणि संगीतात परत शिरली, जसं कुणी बोलता बोलता शिंकून पुढचा शब्द उच्चारावा. नंतर एक लांब वळण घेत ती आमच्या कोपऱ्यात आली. उडीसाठी आली नव्हती, नुसती एका पायाच्या पात्याच्या बाहेरच्या धारेवर, शरीर आत कललेलं. तो कोन मी डोळ्यांनी मापला. त्याहून जास्त कललं असतं तर ती पडली असती. त्याहून कमी कललं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ती नेमकी त्या रेषेवर होती आणि तिथे तिला काही घाई नव्हती. माझ्या कार्यालयात एक काटा आहे, श्वास लागला तरी हलतो. तो स्थिरावण्याची वाट बघताना मी श्वास रोखते. तसाच मी तेव्हा रोखला होता, हे मला नंतर कळलं.

नाच संपला. बर्फावर भेटी पडल्या, पण फार नाहीत. मी मोजल्या, अकरा. आदल्या मुलीला पन्नासच्या वर मिळाल्या होत्या. वन्संच्या हातात रुमालाची गाठ होती. त्यांचा हात एकदा मागे गेला, फेकण्यासाठी जातो तसा. बोलायचा माझा हक्क त्या कागदाबरोबर संपला होता.

त्यांनी गाठ सोडली, पाखरू बाहेर काढलं आणि दोन्ही हातांत धरून डोक्यावर उंच केलं. तशाच त्या उभ्या राहिल्या.

टिटवीने परीक्षकांच्या बाजूला अभिवादन केलं. मग समोरच्या. मग उजवीकडे. मग ती आमच्याकडे वळली, हात पसरून खाली वाकली आणि सावकाश वर आली. तिची नजर पाचव्या रांगेवर थांबली की नाही, हे मी सांगू शकत नाही. अंतर पंचवीस मीटर, प्रकाश तिच्या डोळ्यांवर, आणि आमच्या मागेपुढे निदान दोनशे माणसं हात हलवत होती. वन्संनीही तिने पाहिलं असा दावा आजवर केलेला नाही. चारही बाजू झाल्या, एवढंच त्या म्हणाल्या. पाखरू खाली घ्यायला मी त्यांना मदत केली.

मग शिष्ट बर्फावर आली. वेग घेत उलटी आमच्या कोपऱ्यात शिरली. तिच्या बुटाचं टोक बर्फात रुतलं ते जिथे आमचं पाखरू पडलं असतं तिथून हातभर अंतरावर. ती वर गेली, तीन फेऱ्या, आणि खाली आली ती इतकी स्वच्छ की आवाजसुद्धा एकच आला. वन्संनी हातमोजे बाजूला ठेवले आणि टाळ्या वाजवल्या. मोजून तीन.

"उडी बरी घेते," त्या म्हणाल्या. "आहे शिष्टच."

टिटवीचा नंबर आठवा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या फरशीवर चालताना माझ्या बुटातून टिकटिक आवाज यायला लागला. बाकावर बसून मी बुटाचा तळ पाहिला. खाचेत एक पांढरा कण अडकला होता. पायरीवरून जिना, जिन्यावरून रस्ता, रस्त्यावरून खोली आणि खोलीतून स्टेशन, एवढं सगळं मी त्याच्यावरून चालले होते आणि मला पत्ता नव्हता. पिनेने काढून मी तो वन्संच्या तळहातावर ठेवला. लांबी दोन मिलिमीटरपेक्षा थोडी कमी.

वन्संनी तो उजेडाकडे धरून सगळीकडून पाहिला. तिकिटाच्या घडीतून माझा तो सहीचा कागद काढला, त्यात कण ठेवून पुडी केली आणि पाखराशेजारी पिशवीत टाकली. परत चिकटवता येईल का, मी विचारलं. येईल, पण जोड दिसेल, त्या म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, धक्का किती सोसेल ते तपासायचं यंत्र माझ्या कार्यालयात आहे का.

मी म्हटलं, आहे. पण आता कशाला?

"टिटवी आता मुलींना शिकवणार आहे म्हणे. तिच्या मुली कधीतरी उतरतीलच ना बर्फावर," वन्सं म्हणाल्या. "पुढच्या पाखराला डोळे दोऱ्याचे करते. तरी तू तपासून दे."