मीराबाईंनी ग्लास हिसकावला

तात्यापारा मोहल्ल्यात मंजिरीच्या घरी खिडक्यांना रंग देणं चाललं होतं. पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं थिनर तिची तीन वर्षांची ईरा प्यायली. घाबरलेली मंजिरी तिला मिठाचं पाणी पाजणार, तोच शेजारच्या मीराबाईंनी ग्लास हिसकावला. त्या रेल्वेच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या.

"उलटी करवू नको! थिनर फुप्फुसात जाईन."

"मग काय करू, मावशी?"

"पोट्टीले बसवून धर. रिक्षा बोलाव. बाटली घेऊन मी येते."

वाटभर त्या ईराच्या श्वासाकडे बघत तिच्याशी बोलत राहिल्या.

डॉक्टरांनी बाटली पाहून लगेच उपचार सुरू केले. "उल्टी नहीं कराई, बहुत अच्छा किया."

दुसऱ्या दिवशी ईरानं बिस्कीट मागितलं. मंजिरीनं मीराबाईंचे हात धरले, तेव्हा ते सोडवून घेत त्यांनी बिस्किटाचा पुडा उघडला.