शाळेतलं डोहाळजेवण

कर्णिकबाईंच्या शाळेत चांगल्या शिक्षिका मे महिन्यात बाळंत व्हायच्या. असा कुठे लेखी नियम नव्हता, पण अंबरनाथच्या त्या शाळेत लागलेल्या प्रत्येक बाईला तो पहिल्या आठवड्यातच कळायचा. मुख्याध्यापिका कर्णिकबाई स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सहज म्हणायच्या, "आपल्या वैद्यबाई बघा. मेच्या सुरुवातीला मुलगा झाला आणि शाळा उघडली त्या दिवशी फळ्यापुढं हजर. याला म्हणतात शिस्त." जणू मूल होणं हे सुद्धा शाळेच्या वेळापत्रकात बसवायचं काम. वृंदा टेंबे हे ऐकून मनातल्या मनात कर्णिकबाईंना शेलक्या शिव्या द्यायची आणि वर तोंड गोड करून हसायची, कारण ती अजून टेंपररी होती.

टेंपररीचं प्रकरण असं होतं. एप्रिल संपला की शाळा सगळ्या टेंपररी बायकांना ब्रेक द्यायची आणि जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर. सलग दोन वर्षं भरली की बाई पर्मनंट होणार, म्हणून ती भरूच द्यायची नाहीत. पर्मनंट बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा होती. टेंपररी बाई पोटुशी राहिली तर तिला कोणी काढायचं नाही हो, छे. फक्त जूनमध्ये तिची ऑर्डर यायची नाही. एवढा सभ्य कारभार. संस्थेचे सेक्रेटरी श्यामकांत धारप प्रत्येक भाषणात 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणायचे, आणि वृंदाला वाटायचं, असल्या कुटुंबात सून म्हणून पडण्यापेक्षा जन्मभर बिनलग्नाची राहिलेली बरी.

त्या वर्षी, एकोणनव्वद साली, वृंदाला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि एप्रिलची तारीख दिली होती. तिच्या नवऱ्याच्या, मधूच्या, कारखान्याला दिवाळीपासून टाळं होतं. मधू सकाळी गेटवर जाऊन घोषणा देऊन यायचा आणि दुपारी झोपायचा. घर वृंदाच्या पगारावर चाललं होतं. जूनमध्ये ऑर्डर आली नाही तर तान्ह्या मुलाला घेऊन खायचं काय, हा एकच प्रश्न तिला आतून कुरतडत होता.

शाळेत आणखी दोघी तिच्यासारख्याच अडकल्या आहेत हे तिला नाताळच्या सुट्टीत कळलं, तेही लेडी डॉक्टरच्या दवाखान्यात. बाकावर कुंदा चौबळ बसली होती. वृंदाला बघून ती दचकली आणि म्हणाली, "दाढ दुखत्येय." बाळंतपणाच्या दवाखान्यात दाढ. वृंदाने "अरेरे" म्हणून पदर पोटावरून आणखी पुढे ओढला. तेवढ्यात आतून बकुळा म्हसकर बाहेर आली, दोघींकडे बघितलं आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगोबाई, तुम्हाला पण?" मग लपवायचं ते काय राहिलं.

तेव्हापासून शनिवारी अर्धी शाळा सुटली की तिघी मागच्या व्हरांड्यात डबे उघडून बसायला लागल्या. वृंदाला त्या दोघींचं फार कौतुक होतं असं मुळीच नाही. कुंदा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली. सासऱ्यांचं परकरांचं दुकान, आजूबाजूला सगळे सिंधी, त्यामुळे तिचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. कर्णिकबाईंना दर सणाला ती दुकानातला परकर नेऊन द्यायची आणि वर "मॅचिंग है, बाई" म्हणायची. लोचट नुसती. बकुळा चामटोली नावाच्या खेड्यातली, घराण्यातली पहिली शिकलेली. तिला सगळ्याचंच अप्रूप. घाबरली की पुस्तकी मराठी सुटून तिच्या तोंडून गावची बोली यायची आणि पाचवीची पोरं फिदीफिदी हसायची. एक लबाड आणि एक बावळट, असं वृंदाने दोघींचं माप मनात घेऊन ठेवलं होतं. पण कुणाजवळ तरी बसायचं तर होतं. पोर्शन संपवून खुर्चीवर पाय वर करून बसलं की कंबर कुठे दुखते हे जिला न सांगता कळतं अशी बाई स्टाफरूममध्ये दुसरी नव्हती.

पहिल्या शनिवारी बकुळाच्या डब्यात सुकट होतं. वासाने वृंदाला मळमळून आलं आणि ती मोरीकडे धावली. नंतर कधी त्या डब्यात सुकट दिसलं नाही. 

रजेचं गणित मात्र तिघी रोज मधल्या सुट्टीतही मांडायच्या. कुंदाला जूनची तारीख होती, बकुळाला जुलैची. दोघी कर्णिकबाईंच्या मे महिन्याला साफ चुकल्या होत्या. पर्मनंट असतो तर किती रजा आधी घ्यायची, किती नंतर, बाळाला कोण सांभाळेल, याचे बेत त्या असे रंगवायच्या की ऑर्डर जणू पर्समध्येच आहे. मग घंटा व्हायची आणि तिघींची तोंडं उतरायची.

जानेवारीच्या शेवटी कर्णिकबाईंनी हसत हसत जाहीर केलं, "यंदा रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला आपल्या तिन्ही लेकींचं डोहाळजेवण शाळेतच." लेकी. जूनमध्ये ज्यांना दारात उभं करायचं नव्हतं त्या लेकी. खरी गोष्ट अशी होती की धारपसाहेबांना निवडणूक लढवायची होती आणि गावातल्या बायका एका हॉलमध्ये गोळा करायला निमित्त हवं होतं. तीन पोटं त्यांना आयती मिळाली, मग बकुळाचं अजून नीट दिसतही नसलं तरी चालत होतं.

त्या शनिवारी वृंदाच्या डोक्यात कल्पना आली. "ओटी भरणार कोण? साहेबांच्या आई, म्हणजे माई. माई काय विचारणार? काय खावंसं वाटतंय, कसले डोहाळे लागलेत. बरोबर? आणि पोटुशी बाई मागेल ते द्यावंच लागतं. मग आपण एकच मागायचं. आम्हाला पर्मनंट व्हायचे डोहाळे लागलेत."

बकुळाचा घास हातातच राहिला. "साहेबांसमोर?"

"साहेबांसमोर, माईंसमोर, शंभर बायकांसमोर. कर्णिकबाईंच्या केबिनमध्ये मागून आजवर कुणाला काय मिळालंय?"

कुंदाने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "सासरे बोलतात, गिऱ्हाईक पकडायचं तर चार लोकांत. एकटा असला की कल्टी मारतो. पण तिघींनी बोलायचं हं. एक पण चुप बसली तर बाकीच्यांचा कचरा."

"मी पहिली बोलेन," वृंदा म्हणाली. तिचे महिने जास्त भरलेले, म्हणजे पहिला पाट तिचाच होता. बकुळाने तिच्याकडे असं पाहिलं की वृंदाला क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये पताका लागत होत्या. कर्णिकबाईंनी वृंदाला बाजूला घेतलं. "टेंबेबाई, तुमच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. एक जागा पर्मनंट करायचं चाललंय. एकच हं. त्या दोघींचं काही खरं नाही, पण तुम्ही समजूतदार आहात. मी बघते तुमचं." एवढं बोलून त्यांनी वृंदाचा गाल हलकेच थोपटला.

दुपारभर ते शब्द वृंदाच्या डोक्यात फिरत राहिले. एकच जागा. समजूतदार. त्या बाईच्या शब्दाला काडीची किंमत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी ती त्याच शब्दाला चिकटून राहिली. तिने स्वतःला समजावलं: त्या दोघी आयत्या वेळी कच खाणारच. कुंदा लोणी लावणारी, ती काय बोलणार. बकुळाची तर दातखीळ बसेल. मग शंभर बायकांत तोंडघशी पडणार कोण? मी. तिला खरं तर भीती वाटत होती, पण त्या भीतीला तिने शहाणपण म्हटलं आणि अंगावर हिरवी साडी चढवली.

हॉल खचाखच भरला होता. तिघींना फुलांच्या वाड्या घालून पाटांवर बसवलं होतं, डोक्यावर मोगऱ्याचे मुकुट, हातात फुलांचे धनुष्यबाण. नाटकात उभ्या करतात तशा दिसत होत्या तिघी. माईक हातात घेऊन धारपसाहेब मातृत्वाची थोरवी सांगत होते. स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणात हा माणूस गोव्याला होता, हे सगळ्या अंबरनाथला माहीत होतं. बायका माना डोलावत होत्या.

मग माई उठल्या. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत आल्या. मुलगा त्यांना टरकून असायचा. त्यांनी वृंदाची ओटी भरली, हनुवटीला हात लावला आणि विचारलं, "सांग बयो, कसले डोहाळे लागलेत तुला? काय आणून देऊ?"

 वृंदाला कर्णिकबाई दिसल्या. त्या तिच्याकडेच बघत होत्या आणि अगदी किंचित हसत होत्या. उजवीकडून कुंदाने तिला हळूच कोपराने ढोसलं.

"गाभुळलेली चिंच," वृंदा म्हणाली.

बायका खळखळून हसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. धारपसाहेब माईकवर म्हणाले, "वा, वा, हे खरे डोहाळे." वृंदाही हसली. उजवीकडे तिने मान वळवली नाही.

दुसऱ्या पाटावरच्या कुंदाची ओटी भरून माईंनी तेच विचारलं, पण कुंदा खाली मान घालून धनुष्याचं फूल कुरतडत बसली. वृंदाच्या मनात आलं, बघा, मी म्हणत नव्हते? माई थोडं थांबल्या आणि पुढे सरकल्या. "आणि तुला गं?"

बकुळाने धनुष्यबाण खाली ठेवला. मुकुट एका बाजूला कलला होता. "मना नोकरी पायजे," ती म्हणाली. कोणी हसलं. ती आणखी मोठ्याने म्हणाली, "मना पक्की नोकरी पायजे, माई. मी पोटुशी हाय म्हून जूनमधी मना घेनार नाय. मना दुसरा काय खावासा वाटतच नाय."

आता कुंदाने मान वर केली. "मेरा भी वही," ती म्हणाली. "म्हणजे माझंही तेच, माई. पर्मनंट."

कर्णिकबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. धारपसाहेब माईकमध्ये हसले आणि "हो हो, त्याचं आपण नंतर बघू," म्हणून गाण्याची खूण करू लागले. पण माईंनी काठी आपटली.

"नंतर काय, श्यामकांत? पोटुशीचे डोहाळे आहेत. पुरवले नाहीत तर पोरांचे कान फुटतात. मी ओटी भरली आहे, ते पाप माझ्या माथी येईल. आत्ता हो म्हण."

शंभर बायका साहेबांकडे बघत होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींना मत होतं. साहेबांनी हो म्हटलं. माईकवरच म्हटलं, मागे घ्यायची सोय उरली नाही.

डोहाळे तिघींचेही पुरवले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाने वृंदाच्या टेबलावर गाभुळलेल्या चिंचांची पिशवी आणून ठेवली, आणि आठवड्याभरात कुंदा आणि बकुळाला पर्मनंटची ऑर्डर मिळाली. एकच जागा वगैरे सगळी थाप होती. वृंदा केबिनमध्ये गेली तेव्हा कर्णिकबाई वह्यांतून वर न बघता म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही मागितलं ते दिलं की." एप्रिलमध्ये वृंदाला मुलगी झाली, ब्रेक मिळाला, आणि जूनमध्ये ऑर्डर आली नाही. कुंदा एकदा बाजारात दिसली. पोट सावरत ती सरळ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. वृंदाने तिला दोष दिला नाही. स्वतःबद्दल तिला जे वाटत होतं त्यापेक्षा ते कमीच होतं.

जूनच्या शेवटी एका दुपारी दार वाजलं. बाहेर बकुळा उभी होती, पोट अगदी खाली उतरलेलं, हातात बाळंतविड्याची पिशवी. चामटोलीहून तशा अवस्थेत आली होती. तिने मुलीला मांडीवर घेतलं, टाळूला तेल कमी लागतंय म्हणाली, आणि मग मूळ मुद्द्यावर आली.

"सोमवारपासून माझी रजा सुरू होतेय, तीन महिने. माझ्या वर्गावर तुम्ही या ना. बदली म्हणून. मी कर्णिकबाईंना सांगून आलेय, दुसरी कोणी नको. त्या नाही म्हणत होत्या, तर मी म्हटलं, मग माईंना विचारते." ती हसली. "दुपारी बाळाला पाजायला तुम्ही घरी येऊन जा. तेवढा तास वैद्यबाई बघतील. तेही बोलून ठेवलंय."

मधू आतल्या खोलीत झोपलेला होता. डब्यात दोन दिवसांचे तांदूळ होते. वृंदा मान खाली घालून म्हणाली, "येईन."

बकुळा भिंतीला धरून उठली. दारापाशी थांबली. "एक विचारू? रागवायचं नाही. त्या दिवशी तुम्हाला खरंच चिंच खावीशी वाटली होती ना? कुंदा काहीतरी भलतंच बोलते. मी तिला सांगते, अगं, डोहाळ्यांपुढं बाईचं काही चालत नाही. मला नाही का, खडू खावासा वाटायचा वर्गात."

वृंदाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कुठे टोमणा, कुठे राग, निदान थोडी कीव, काहीही सापडलं असतं तरी तिला हायसं वाटलं असतं. तिथे काहीच नव्हतं. ती नुसती उत्तराची वाट बघत होती, आणि उत्तर काय येणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

"हो," वृंदा म्हणाली. "फार वाटत होती."

"बघा, मी म्हटलंच होतं," बकुळा म्हणाली, आणि पाचवीचं वेळापत्रक समजावून सांगायला पुन्हा खाली बसली.