त्याच्या वाटणीची दिशा

खगोलशास्त्र विभागात त्या दोघांना डावा आणि उजवी म्हणत. राजकारणाशी याचा काही संबंध नाही, राजकारणातलं दोघांनाही ओ की ठो कळत नसे. नाव पडलं ते कामावरून. तरुण ताऱ्यांभोवती धुळीच्या आणि दगडधोंड्यांच्या चकत्या फिरत असतात, ग्रह घडवून उरलेला राडारोडा म्हणा हवं तर. त्या राडारोड्यात वायू आहे का, हे ही दोघं शोधत. तारा तरुण म्हणजे एक-दोन कोटी वर्षांचा, ताऱ्यांच्या हिशेबात अजून शेंबडा. पण तेवढ्या वयातही जन्माच्या वेळचा वायू बहुतेक उडून गेलेला असतो. तरीही सापडलाच, तर तिथे धूमकेतू एकमेकांवर आपटून फुटत असावेत आणि त्यांच्यातला बर्फ वायू होऊन बाहेर पडत असावा, असं म्हणायला जागा होते.

हा वायू चमकतो, पण इतका मिणमिणता, की रेडिओ दुर्बिणीच्या सगळ्या तबकड्या त्याच्याकडे तोंड करून बसल्या तरी डेटात नुसती खरखर दिसते. चकती फिरते, तिची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची चमक वर्णपटात थोडी इकडेतिकडे सरकते. ती सगळी जागेवर आणून एकावर एक रचली, तर खरखरीतून एक शिखर डोकं वर काढतं. अडचण एवढीच, की डावी बाजू येतेय की उजवी, हे धुळीच्या चित्रावरून कळत नाही. उलटं धरलं तर सगळी मेहनत पाण्यात. बंद पडलेली गाडी दोघांनी मागून आणि दोघांनी पुढून ढकलावी, तसं होतं ते.

म्हणून त्यांनी वाटणी केली होती. तो डावी बाजू येतेय असं धरून रचायचा, ती उजवी. प्रोग्रॅम एकच, फरक एका अधिक-उण्याच्या चिन्हाचा. एकमेकांच्या पडद्यात डोकवायचं नाही, दोघांचं झालं की खुर्च्या फिरवायच्या आणि एकदम दाखवायचं. एकाच माणसाने दोन्ही बघितलं की त्याला हवं तिथे शिखर दिसायला लागतं, असं त्याचं म्हणणं. तिला ते पटायचंच असं नाही, पण खुर्च्या फिरवायची ती वेळ तिला फार आवडायची. खरं सांगायचं तर तिला तो आवडायचा. अख्ख्या विभागाला हे ठाऊक होतं, त्याला सोडून. आणि ही बाई शेकडो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याला हजार प्रश्न विचारणार, शेजारच्या खुर्चीला एक विचारायचा तर तोंडाला कुलूप!

मग त्याच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांचं गावी चष्म्याचं दुकान होतं. "महिन्याभरात येतो गं," म्हणून तो गेला आणि तिथलाच झाला. त्याला चार वर्षं झाली. वाढदिवसाला फोन व्हायचा. "कशी आहेस?" "मजेत. तू?" "मजेत." तिच्यापुरतं तरी ते धादांत खोटं होतं.

तिची आई अधूनमधून खडा टाकून बघायची.

"अगं, त्या चष्मेवाल्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय?"

"मग दुसरा कोणी बघ की."

"बघते," ती म्हणायची आणि पुढची चकती उघडून बसायची.

चकत्या उघडत गेल्या, वायू काही सापडला नाही. एका ताऱ्यावर तिचा जीव होता, दोघं त्याला 'धाकटा' म्हणत. हा तारा त्याने जायच्या आधी निवडला होता आणि "यात नसेल तर कशातच नाही," असं पैजेवर सांगितलं होतं. धाकट्याचा डेटा मात्र तो गेल्यावर आला. त्यातही खरखरच. तिला वाईट वाटलं ते वायूपेक्षा फोनचं. सापडला असता तर वाढदिवस नसतानाही फोन करता आला असता.

शेवटी विभागप्रमुख मॅडम तिच्या टेबलाशी आल्या. "आता पुरे झालं गं. कुठेच वायू नाही, हाही निष्कर्षच आहे. पेपर लिही आणि हे काम मिटव." ती हो म्हणाली. काम मिटलं की त्याला फोन करायचं निमित्तही मिटणार होतं, पण हे मॅडमना काय सांगणार, कपाळ?

दुपारी ती लिहायला बसली. कामाच्या पद्धतीचा परिच्छेद जुन्याच पेपरातून उचलला, सगळेच तसं करतात. 'प्रत्येक चकतीचा डेटा फिरण्याच्या दोन्ही दिशा धरून रचला.' ती पुढच्या वाक्यावर गेली आणि परत मागे आली.

दोन्ही?

तो गेल्यापासून ती फक्त उजवीच करत आली होती. चार वर्षं एकेक चकती घ्यायची, आपली बाजू रचायची, काही नाही म्हणून मिटवायची. अर्धंच काम करून रिकामं म्हणत होती ती. नवशिक्यानेही केली नसती अशी चूक. आणि तिला विसर पडला होता, असं म्हणायची सोय नव्हती, कारण चिन्ह दिसत होतं रोज. त्याला हात लावायचा नाही, ते त्याचं आहे, एवढंच कुठेतरी मनात घट्ट बसलं होतं.

तिने धाकट्याचा डेटा उघडला. अधिकाच्या जागी उणे केलं. प्रोग्रॅम चालत असताना तिला चक्क त्याच्याशी दगाबाजी केल्यासारखं वाटलं.

पडद्यावर शिखर आलं. बारीक, सरळ, जिथे यायला हवं तिथेच. तिने तारा सोडून आजूबाजूच्या रिकाम्या आकाशावर तोच प्रयोग करून पाहिला, तिथे काही नव्हतं. मग तिने फोन लावला.

"अरे, धाकट्यात वायू आहे."

"काय सांगतेस! कुठल्या बाजूने?"

"तुझ्या."

"पण तो डेटा तर केव्हाच आला होता ना?"

"हो. तुझी बाजू कोणी केलीच नाही. एकाही ताऱ्याची."

"वेडी आहेस का? एक चिन्ह तर बदलायचं होतं!"

"माहितीय."

"मग बदललं का नाहीस?"

"मला वाटायचं, तू येशील."

पलीकडे कोणीतरी फ्रेमची किंमत विचारली. त्याने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "कधी बोलावलं का नाहीस गं?"

"आता बोलावते."

"आता नाही जमायचं. बाबांना माझ्याशिवाय कोणी नाही." तो म्हणाला. "वर्षभरापूर्वीपर्यंत मीही वाट बघत होतो. मग सोडून दिलं."

तिला ओरडून रडावंसं वाटलं. वर्षभरापूर्वी हा डेटा तिच्याकडे होता, चिन्ह होतं, फोन होता.

"तो आलेख पाठव ना," तो म्हणाला. "बघू तरी दे."

तिने पाठवला. फोन चालूच होता. पलीकडे तो हसला, अगदी खुर्च्या फिरवल्यावर हसायचा तसा. मग त्याने हाक मारली, "बाबा, हे बघा! थांबा, चष्मा देतो."

"काय आहे?" म्हाताऱ्याची जीभ अजून जड होती.

"वायू आहे, बाबा. आम्ही दोघं शोधत होतो ना, तो."

भर दुपारी, सगळ्या विभागादेखत, ती टेबलावर डोकं टेकून रडली.