वेलीच्या खांबावर कमळ

आमच्या जुन्या गावची मशीद बाहेरून मशीद वाटतच नाही. ना घुमट, ना मिनार. काळ्या दगडाचं जोतं, उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि हातपाय धुवायचा हौद. नवखा माणूस कोणाचं तरी घर समजून पुढे निघून जातो. किती जुनी, यावर गावात एकमत नाही. कारभार बघणारे दाऊदकाका पाचशे वर्षं सांगतात, त्यांचा सख्खा भाऊ तीनशे म्हणतो, आणि एवढं वय झालं तरी दोघं त्यावरून भांडतात. मी शाळेत चित्रकला शिकवते, तारखांच्या फंदात पडत नाही. आतले बारा सागवानी खांब मात्र मला तोंडपाठ आहेत.

दरवाज्यापासून समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यापर्यंत, म्हणजे मेहराबापर्यंत, सहा-सहा खांबांच्या दोन रांगा. एका खांबावर वेल कोरलेली, पुढच्यावर कमळ, असे आळीपाळीने. खांबाच्या माथ्यावर तुळई पेलणारं आडवं लाकूड असतं, त्याला बाबा हस्त म्हणायचे. वेलीच्या खांबावर वेलीचा हस्त, कमळाच्या खांबावर कमळाचा. फक्त डाव्या रांगेतल्या मधल्या दोन खांबांवर उलटं आहे. ती चूक माझ्या बाबांची.

बाबा म्हणजे कृष्णा सुतार. अडतीस वर्षांपूर्वी मशिदीचं छप्पर वाळवीने खाल्लं, तेव्हा ते उतरवून पुन्हा चढवायचं काम त्यांनी आणि त्यांचा जोडीदार नथू यांनी घेतलं. मी दहा वर्षांची होते, सुट्टी होती, रोज डबा घेऊन जायचे. लाकूड उतरवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर पटाशीने रेघा मारायच्या, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, ही सुतारांची रीत. बाबांनी खांबांवर रेघा मारल्या त्या दरवाज्यापासून मोजून, कारण देवळात आपण दरवाज्यापासून मोजतो. नथूकाकांनी हस्तांवर मारल्या त्या मेहराबाकडून, कारण नमाजाची पहिली ओळ तिथे असते. दोघांचंही खरं होतं. एकमेकांना विचारायचं तेवढं राहिलं.

चढवताना त्यांनी डाव्या रांगेतल्या मधल्या दोन खांबांपासून सुरुवात केली. ते मापाला सारखे, त्यामुळे तीन रेघांचा हस्त तीन रेघांच्या खांबावर निमूट बसला, चाराचा चारावर. पुढचे बसेनात तेव्हा घोळ कळला, ते चार त्यांनी बदलले, आणि मधल्यांचा विसर पडला. लाकडावर चुन्याचे थर इतके की नक्षी दिसतच नव्हती. शेवटच्या दिवशी सगळं खरवडून तेल दिलं, आणि वेलीच्या खांबावर कमळ उमललं. वर कौलं चढलेली, दुसऱ्या दिवसापासून रमजान. दाऊदकाकांच्या वडिलांनी बाबांना सांगितलं, अल्लाला चालेल, पुन्हा कधी छप्पर उघडेल तेव्हा बघू.

अल्लाला चाललं असेल, बाबांना नाही चाललं. दर ईदला ते सायकल काढून गळाभेटीला जायचे, आणि दरवाज्यापाशी उभे राहून त्या दोन खांबांकडे बघायचे. आई म्हणायची, आख्ख्या पंचक्रोशीत ती चूक एकट्या ह्यांनाच दिसते. एकोणीस वर्षांपूर्वी ते अंथरुणाला खिळले, तेव्हाही तेच. "छप्पर उघडलं का जा तू," मला म्हणाले. "ती दोन फुलं आपल्या जागी लाव. कोनाला सांगू नको माझी चूक म्हनून." मी हो म्हटलं.

यंदा थंडीत छप्पर उघडलं. दाऊदकाकांचा निरोप आता आम्ही राहतो तिथे, मनवेलपाड्याला आला, तशी मी शाळेत रजा टाकून गेले. काम ॲलिस्टर नावाच्या आमच्याच भागातल्या सुताराकडे होतं. मी त्याला आणि दाऊदकाकांना सगळं सांगितलं. बाबांचा शब्द मोडला, पण न सांगता हस्त कसे बदलायचे? ॲलिस्टर म्हणाला, एवढंच ना, अर्ध्या तासाचं काम.

दोन्ही हस्त त्याने पडवीत गोणपाटावर आणून ठेवले. मी खाली बसले, कमळाच्या हस्ताच्या पोटाशी हात घातला. नथूकाकांच्या तीन रेघा बोटांना लागल्या. शेजारी बाबांची पटाशी जरा सटकली होती, कूस, म्हणजे खाचेत बसणारं टोक, बसवताना तासल्याची खूण. बाबांच्या हाताचा घाव, काल मारल्यासारखा. एकोणीस वर्षांत मला ते इतके जवळ कुठेच सापडले नव्हते. घरी त्यांचा एक फोटो आहे, त्यात ते उसना कोट घालून परक्या माणसासारखे बसलेत. मला बाबा हवे होते. अजून हवे आहेत. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई पडवीत बसून रडते हे बरं दिसत नाही, पण मी रडले.

ॲलिस्टरने थोडं थांबून विचारलं, "मॅडम, बोला, अदलाबदल करू ना?"

"नको. होते तसेच बसव."

दाऊदकाका गोंधळले. "हेमांगी, किसनाची शेवटची इच्छा होती ना ती?"

"होती, काका. पण बाकीचे दहा बरोबर बसलेत, त्यांत बाबा कुठे दिसतात? ते कोणीही बसवले असतील. हे दोन फक्त त्यांचे आहेत."

काकांनी वाकून कमळाच्या हस्तावरून एकदा हात फिरवला. मग ॲलिस्टरला म्हणाले, पोरगी सांगते तसं कर. दुपारपर्यंत हस्त चढले, तीन तिनावर, चार चारावर, आणि या वेळी कोणी विसरलं नव्हतं. घरी जाताना मला बाबांची भीती वाटली, लहानपणी दिलेलं काम न करता परतताना वाटायची तशी.

ईदला मी गेले. दाऊदकाकांनी शिरखुर्म्याची वाटी हातात दिली, ती तशीच धरून दरवाज्यापाशी उभी राहिले, बाबा उभे राहायचे तिथेच. डाव्या रांगेतले खांब मोजले, बाबांसारखेच, दरवाज्यापासून. एक, दोन, आणि तिसऱ्यावर बाबा.